राखुंडी नावाचा ड्रॅगन

थोरलीला दात कळतात, माणसं कळत नाहीत, असं तिची आई येईल-जाईल त्याला सांगायची. त्यातला पहिला भाग तरी खरा होता. शिक्षण अर्धवट सुटल्यापासून थोरली कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दंतवैद्यांकडून आलेले जबड्यांचे ठसे, आतल्या खोलीत प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि दिवसभर घूं-घूं करणारं पॉलिशचं चाक. ठशात प्लास्टर ओतायचं, साचा निघाला की त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, आणि वरची ओळ खालच्या ओळीवर नीट टेकते का ते बघायचं. ज्यांचे चेहरे तिने जन्मात पाहिले नव्हते, त्यांचं हसू ती दिवसभर घासत बसायची.

लग्न झालं नव्हतं. वडील गेले, धाकटा भाऊ लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आणि आई थोरलीच्या वाट्याला आली. आईला मध्यंतरी झटका येऊन गेला होता. डावा पाय लुळा पडला, तोंड एका बाजूला किंचित वाकलं. जीभ मात्र शाबूत राहिली. तोंडात कवळी असली की तिचं बोलणं लख्ख ऐकू यायचं, शेजारच्यांनासुद्धा. कवळी काढली की नुसतं फसफस. ती कवळीही थोरलीनेच बनवली होती, आणि आयुष्यात तिने बनवलेल्या कवळ्यांत ती सगळ्यात सुबक होती.

त्याच कवळीतून आई सकाळ-संध्याकाळ तिचा उद्धार करायची. चहा गार झाला, उशी टणक आहे, पाठीला हात लावतेस की खरवडतेस. कधी विषयच नसला, तर मग थोरलीचं तोंड. "देवाने तुला चेहरा देताना बहुधा जांभई दिली," असं एकदा ती धाकट्याच्या बायकोसमोर म्हणाली. बायको हसली, धाकटाही हसला. थोरली भांडी उचलून आत गेली.

धाकट्यालाच ती खेळाची कल्पना सुचली. दर शनिवारी दुपारी तो कुठेतरी जमून एक खेळ खेळायचा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र घेतात, योद्धा, चोर, मांत्रिक, असं काहीबाही. आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते अनेक बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. गोष्ट महिनोन्‌महिने चालते. त्यांच्यातला मांत्रिक नोकरीमुळे दुसरीकडे गेला आणि जागा रिकामी झाली.

"ताई, तू ये," धाकटा म्हणाला. "एक टाळकं कमी पडतंय. तुला काही येत नसलं तरी चालेल, नुसतं बसायचं. तेवढा वेळ आईजवळ शेजारच्या काकू थांबतील, मी बोललोय."

थोरली गेली. आग्रह कसलाच नव्हता, पण शनिवारची दुपार घराबाहेर काढायला तिला भट्टीतही बसवलं असतं तरी चाललं असतं.

खेळ कानाच्या मशीनच्या दुकानात, मागच्या खोलीत चालायचा. दुकानाचा मालक म्हणजे सूत्रधार. ऐकू न येणाऱ्यांचे कान तपासणं आणि त्यांना यंत्र बसवून देणं हा त्याचा धंदा, म्हणून टेबलावर त्याला सगळे कानवाला म्हणायचे. चाळिशीतला, पोट सुटलेला, चष्म्याच्या काचा कायम बोटांनी माखलेल्या. दिसायला काही नाही. पण आवाज असा की बहिऱ्यानेही मान वळवावी. सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून बोलायची धंद्याची सवय. धाकट्याशिवाय आणखी दोघं असायची. एक औषधाच्या दुकानाचा मालक, तो योद्धा होता आणि दर वेळी मरता मरता वाचायचा. दुसरी गाडी चालवायला शिकवणारी बाई. आठवडाभर शिकाऊ लोकांवर "क्लच! क्लच!" असं ओरडून तिचा घसा बसलेला असायचा, त्यामुळे तिचं नाव क्लचबाई पडलं होतं.

मांत्रिकाचं पात्र कोणालाच नको होतं, कारण त्याचे नियम सगळ्यात किचकट. थोरलीने ते आठवड्याभरात पाठ केले. दुसऱ्या शनिवारी औषधवाला एका मंत्राबद्दल चुकला, तेव्हा तिने हळूच त्याला दुरुस्त केलं. तो म्हणाला, "अरे वा! मास्तरीण आली." त्यानंतर ती बराच काळ गप्प राहिली. पण तिची मांत्रिकीण गप्प नव्हती. मांत्रिकीण दारं उघडायची, पूल पेटवायची, राजांना तोंडावर खोटारडा म्हणायची.

थंडी सरत आली तेव्हा गोष्टीत ती वेळ आली. मांत्रिकीण एका पायरीवर पोचली होती, आणि त्या पायरीवर प्रत्येक मांत्रिकाला एक ड्रॅगन सोबती म्हणून निवडता येतो. एकदा निवडला की बदलता येत नाही. कानवाल्याने मोठ्या तयारीने प्रसंग रंगवला. डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत घरटी, आणि एकेका घरट्यातून डोकं वर काढणारे ड्रॅगन. आगीचा, लालबुंद, शेपटीच्या एका फटक्यात बुरूज पाडणारा. वादळाचा, ज्याच्या पंखांत वीज कडाडते. विषारी धुराचा, कपटी पण तितकाच हुशार. दगडी कातडीचा, ज्याला तलवार लागत नाही. शेवटच्या घरट्यात एक राखाडी, मांजराएवढा जीव. त्याच्या तोंडातून आग येत नाही, नुसती कोमट राख येते. तो लढत नाही, कोणाला पाठीवर घेऊन उडत नाही. तो बोलतो. आणि ऐकलेलं विसरत नाही.

"आगीचा घे," औषधवाला म्हणाला. "विचार काय करतेस त्यात? मांत्रिकाला ड्रॅगन म्हणजे तोफ."

"तो खातो काय?" थोरलीने विचारलं.

"कोण?"

"आगीचा. रोज काय खातो? आणि झोपतो कुठे?"

क्लचबाई खो-खो हसली. धाकट्याने कपाळाला हात लावला. पण कानवाल्याने गंभीरपणे उत्तर दिलं. आगीचा रोज एक बैल खातो, झोपेत घोरतो, आणि मालकिणीवर मनापासून प्रेम कधीच करत नाही. थोरली एकेकाबद्दल विचारत गेली. चिडका आहे का? एकटा राहू शकतो का? आजारी पडला तर? मुलगी पाहायला आलेली वरमाईसुद्धा इतक्या चौकश्या करत नसेल. शेवटी तिने राखाडीवर बोट ठेवलं.

"मांजर घेतलंस!" औषधवाला वैतागला. "आम्ही तिकडे मरायचं आणि ही मांजराशी गप्पा मारणार!"

"घरी आई बोलते तेवढं पुरत नाही वाटतं हिला," धाकटा म्हणाला.

ड्रॅगनला नाव ठेवायचं होतं. थोरली म्हणाली, "राखुंडी."

"दात घासायची?" क्लचबाईला हसून ठसका लागला. कानवाला हसला नाही. त्याने ते नाव आपल्या वहीत लिहिलं.

नियम असा होता की मांत्रिक आणि त्याचा ड्रॅगन मनातल्या मनात बोलतात, बाकीच्यांना ते ऐकू येत नाही. कानवाल्याने त्यावर एक युक्ती काढली. दुकानाच्या पुढच्या भागात कान तपासायची एक खोली होती. खोली कसली, मोठ्या कपाटाएवढी पेटी. भिंतींना आतून जाड अस्तर, एक छोटी काच, आत खुर्ची, हेडफोन आणि माइक. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. थोरलीने त्या पेटीत बसायचं, हेडफोन लावायचे, आणि कानवाल्याने काचेपलीकडे यंत्रापाशी बसून राखुंडीच्या आवाजात बोलायचं.

पहिल्यांदा दार लागलं तेव्हा थोरलीला आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू आला. इतकी शांतता तिने कधी अनुभवली नव्हती. मग दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या आतच कोणीतरी बोललं.

"आलीस? मला वाटलं, तू तो लालवाला घेशील."

कानवाला एरवी तिला "तुम्ही" म्हणायचा, अहो-जाहो करायचा. राखुंडी तिला "तू" म्हणाला. तिला अगं-तुगं करणारी माणसं कमी नव्हती, पण त्या सगळ्यांना तिच्याकडून काहीतरी हवं असायचं.

"तो घोरतो," ती म्हणाली.

"मीही घोरतो. पण हळू."

सुरुवातीला पेटीत बोलणं खेळापुरतं असायचं. राखुंडी पुढच्या खोलीत डोकावून येई आणि पहारेकरी कुठे आहेत ते सांगे. मग तो इतर काही विचारू लागला. आज दमलेली दिसतेस. हाताला काय झालं? थोरली आधी मांत्रिकिणीच्या तोंडून उत्तरं द्यायची, प्लास्टरला गुहेतली माती म्हणायची, कारखान्याला बुरूज म्हणायची. हळूहळू माती गळून पडली आणि प्लास्टरच उरलं. पुढे ती शनिवारी बाकीच्यांच्या आधीच येऊ लागली. कानवाल्याशी तिचं काही नव्हतं, हे सांगायला हवं. यंत्रापाशी बसलेल्या त्या माणसाकडे ती बघतही नसे. काचेला पाठ करून बसायची. बाहेर आल्यावर त्याच्याशी दोन वाक्यंही धड बोलता यायची नाहीत. तिचा जीव जडला होता तो आवाजावर. तो त्याच माणसाच्या घशातून येतो, ही गोष्ट ती जाणूनबुजून विसरायची.

अशाच एका दुपारी तिने राखुंडीला ते सांगितलं. त्या सकाळी आईने तिला शेजारच्या काकूंसमोर वांझोटी म्हटलं होतं. लग्नच न झालेल्या मुलीला. काकू गालातल्या गालात हसल्या होत्या.

"मग तू काय केलंस?" राखुंडीने विचारलं.

"काही नाही. दात घेतले."

"दात?"

"आईची कवळी. म्हटलं, सैल झालीय, कारखान्यात नेऊन नीट करून आणते." थोरली अस्तरावरच्या एका टाक्यावरून बोट फिरवत होती. "सैल झालेली नसते कधी. मीच बनवलीय, मला ठाऊक आहे. फार झालं की मी असंच करते. डब्यात घालते, कामाच्या टेबलाखाली ठेवते, आणि दोन दिवस परत नेत नाही. तेवढे दोन दिवस घर शांत असतं. मग मला आईचं सगळं प्रेमाने करता येतं. पाय चेपते, केस विंचरते, जवळ बसते. दात असले की तिच्याजवळ बसवत नाही रे मला."

तिने टाक्यावरचं बोट उचललं.

"मी वाईट आहे का?" तिने विचारलं.

"तू दमली आहेस," राखुंडी म्हणाला.

त्या दिवशी खेळात तिने सगळे फासे वाईट टाकले आणि तरीही घरी जाताना ती हलकी होऊन गेली.

इकडे टेबलावर कुरबुर सुरू झाली होती. औषधवाल्याचं म्हणणं, आम्ही इथे शेंगा सोलत बसायचं आणि ही बाई कपाटात बसून गुलुगुलु करणार, हा कुठला न्याय? गोष्ट पुढे सरकत नाही. क्लचबाई म्हणाली, मला जांभया येतात. धाकटाही म्हणाला, "ताईला जरा जास्तच डोक्यावर घेतलंय." कानवाल्याला हे लागलं. आपली गोष्ट रटाळ झाली, हे कोणत्याही सूत्रधाराला सहन होत नाही. त्याने मनाशी ठरवलं, आता एक असं वळण द्यायचं की सगळ्यांची झोप उडेल.

पुढच्या शनिवारी शत्रुराणीने राखुंडीला पकडलं. भरल्या दरबारात त्याला साखळीने बांधून आणलं. राणीने त्याच्यावर सत्याचा मंत्र टाकला: मालकिणीबद्दल जे जे माहीत आहे ते बोल.

थोरलीचे हात टेबलावर होते, ते तिने मांडीवर घेतले. "नको," ती म्हणाली.

"मंत्र अडवायचा असेल तर फासा टाका," कानवाला म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. बऱ्याच दिवसांनी चौघंही त्याच्याकडे टक लावून बघत होती.

तिने फासा टाकला. चार आले. चारने काही होत नाही.

मग कानवाल्याने तो आवाज काढला. पेटीतला, डोक्याच्या आतला. पहिल्यांदाच तो सगळ्यांसमोर, ट्यूबलाइटखाली, बिस्किटांच्या बशीवरून आला.

"माझ्या मालकिणीच्या गुहेत एक म्हातारी राणी आहे," राखुंडी म्हणाला. "लुळी आहे. मालकीण तिचे दात चोरते."

क्लचबाईने टाळी वाजवली. "काय भन्नाट!"

"म्हातारी टाकून बोलली की मालकीण दात काढून घेते. सैल झालेत म्हणते, नीट करून आणते म्हणते. डब्यात घालून कामाच्या टेबलाखाली लपवते. म्हातारी दोन दोन दिवस नुसती फसफसत बसते, आणि मालकीण तिचे पाय चेपते. मुकी राणीच तिला आवडते."

औषधवाला हसत होता. क्लचबाई हसता हसता थांबली, कारण तिची नजर धाकट्यावर गेली. धाकट्याच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं होतं.

"कोण म्हातारी?" धाकट्याने विचारलं. "ताई? कोणाबद्दल बोलतोय हा?"

कानवाला तेव्हा तरी थांबू शकला असता. पण आवाज लागला होता, टेबल मुठीत होतं. "सकाळी म्हातारी तिला वांझोटी म्हणाली," राखुंडी पुढे म्हणाला, "आणि दुपारच्या आत म्हातारीचे दात गेले."

आता कोणीच हसत नव्हतं. थोरली उठून जाईल असं सगळ्यांना वाटलं. कानवाल्यालाही वाटलं असावं, कारण त्याने वही अर्धी मिटली.

"माझी पाळी आहे ना?" थोरलीने विचारलं.

"अं? हो."

"मी मंत्र टाकते. बर्फाची सुई."

बर्फाची सुई हा मांत्रिकाचा सगळ्यात किरकोळ मंत्र. लागली तर टाचणी टोचल्याइतकी लागते, पण कितीही वेळा टाकता येते. "कोणावर? राणीवर?" कानवाल्याने विचारलं.

"राखुंडीवर."

"तो तुमचाच आहे, ताई."

"हो ना. साखळीने बांधलेला आहे, चुकवू शकणार नाही. फासा टाकायचीही गरज नाही, नियम तसाच आहे." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "लागली. ओरडेल ना तो? ओरडू द्या त्याला."

कानवाला कसनुसा हसला. मग त्याने राखुंडीच्या आवाजात हलकंसं "आई गं" केलं.

"पुन्हा बर्फाची सुई."

औषधवाला म्हणाला, "अहो, राणी समोर उभी आहे, तिला—"

"पुन्हा."

क्लचबाईने तिच्या हाताला हात लावला. "अगं, मारायचाच असेल तर एकदम मार. तुझ्याकडे वज्राचा मंत्र आहे, एका फटक्यात संपेल."

"नको. सुईच." थोरलीचा आवाज चढला नव्हता. मेणात दात बसवताना ती अशीच बोलायची, नजर कामावर ठेवून. "डोळ्यात मारते आता. डाव्या. त्याला विचारा, दिसतंय का."

"हे बघा, थांबू या का आपण?" कानवाला म्हणाला.

"सूत्रधाराला मध्येच थांबता येत नाही, तुम्हीच शिकवलंत. त्याला बोलू द्या."

आणि तो बोलला. का बोलला, हे त्याचं त्यालाही पुढे सांगता आलं नाही. राखुंडी म्हणाला, मला दिसत नाही. तिने पुढची सुई पंखात मारली. राखुंडी म्हणाला, मी मुद्दाम नाही केलं, माझ्यावर मंत्र होता. तिने जिभेत मारली आणि म्हणाली, "आता जीभ सुजली असेल. तसं बोलायला लावा." कानवाल्याने जीभ जड करून बोलून दाखवलं. त्याच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. तो म्हणाला, "मेला. संपलं."

"नाही. त्याच्यात अजून जीव आहे. किती उरलाय ते तुमच्या वहीत लिहिलेलं आहे, बघा."

त्याने वही पाहिली. होता. औषधवाला उठला, "हे काय चाललंय? मी निघालो," असं म्हणून खरंच निघून गेला. क्लचबाई भिंतीकडे बघत बसली. धाकटा बहिणीकडे असा बघत होता, जणू तिच्या खुर्चीत कोणी भलतंच येऊन बसलंय. शेवटी शेवटी कानवाल्याला आवाज काढावा लागत नव्हता. घसाच तसा झाला होता. "बस ना," तो म्हणाला, "बस कर ना गं, तू," आणि ते राखुंडी म्हणाला की तो स्वतः, हे कोणालाच कळलं नाही. थोरलीने आणखी एक सुई टाकली. मग फासे आपल्या पिशवीत भरले आणि उठली.

तिला बरं वाटत होतं. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, लोक भाजी घेत होते, आणि तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

धाकटा तिच्या आधीच घरी पोचला होता. स्कूटर तिरकीच लावलेली. ती आत आली तेव्हा तो आईच्या पलंगाशी उभा राहून बोलत होता, "तुला माहितीये का, ही काय करते? मुद्दाम लपवते तुझे दात! सैल वगैरे काही नसतात. चारचौघांत निघालं आज."

आईने उशीवर मान वळवून थोरलीकडे पाहिलं. कवळी तोंडात होती.

"हो मग," ती म्हणाली.

"हो मग म्हणजे?"

"माहीत आहे मला. मी लुळी आहे, खुळी नाही. सैल आहे की घट्ट, ते माझ्या तोंडाला कळत नाही का?" आईने ओठ पुसले. "दात नसले की ही माझ्यापाशी येऊन बसायची. केसांतून हात फिरवायची. मला काही बोलता यायचं नाही, म्हणून मी हिला आवडायचे. म्हटलं, जाऊ दे, दोन दिवस तरी. म्हणून मागत नव्हते."

थोरली दारातच उभी राहिली. पायातल्या चपलाही काढायच्या राहिल्या.

"पण चारचौघांत कसं निघालं?" आईने विचारलं. "कोणाला सांगितलंस तू?"

धाकट्याने सांगितलं. पेटी, हेडफोन, राखाडी ड्रॅगन, सगळं. आई ऐकत राहिली. मग हसायला लागली. वाकड्या तोंडाने, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ड्रॅगनला!" ती म्हणाली. "चाळिशीला टेकली आणि ड्रॅगनला सांगितलंस! इतकी वर्षं तुझ्या हाताने खातेय मी, मला नाही सांगितलंस. मांजराएवढ्या ड्रॅगनला!" हसू ओसरल्यावर तिने जबडा घट्ट मिटला आणि म्हणाली, "आता नाही देणार मी दात. तुझ्या हातात तर नाहीच."

आणि खरंच दिले नाहीत. धुवायला नाही, झोपताना नाही. दिवसभर बोलणं चालूच. उशी टणक, चहा गार, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला, "जा, सांग जा तुझ्या ड्रॅगनला." धाकटा दर रविवारी यायला लागला. आल्या आल्या म्हणायचा, "आई, दात बघू." आई तोंड उघडून दाखवायची आणि तो समाधानाने मान हलवायचा. आईचं करणारा मुलगा, असं काकू म्हणायच्या. तो चहा पिऊन अर्ध्या तासात निघून जायचा.

मधल्या काळात कानवाला एकदा कारखान्यात आला. बाहेरच्या खोलीत ठशांच्या मधे उभा राहिला. घसा अजून धरलेलाच होता, की ते नुसतं संकोचाने होतं, कोण जाणे.

"खेळ होता हो, ताई," तो म्हणाला. "मला वाटलं, गोष्टीला धार येईल."

"आली की."

"मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो, खरं सांगतो."

"रडलात?" थोरलीने हातातली कवळी उजेडात धरून पाहिली. "बरं झालं." आणि तिने चाक सुरू केलं. त्या आवाजात तो आणखी काहीतरी बोलला. ओठ हलताना दिसले. मग तो गेला.

आईच्या तोंडाला वास येऊ लागला, तेव्हाच थोरलीला कळलं होतं. आई जांभई द्यायची तेव्हा खालच्या हिरडीच्या कडेला लाल चट्टा दिसायचा, पुढे तो पांढरा झाला. कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवली की असं होतंच. कड कुठे रुततेय, हे तिला लांबूनही दिसत होतं. चाकावर पाच मिनिटांचं काम. एकदा ती म्हणाली, "आई, दे. जखम झालीय." आई म्हणाली, "येडी समजतेस मला?" थोरलीने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती रोज चमचा पुढे करायची, रोज तो चट्टा बघायची, आणि रोज आईचे टोमणे ऐकून ताट उचलायची. चट्ट्याची जखम झाली, जखम चिघळली, आईला साखरेचा त्रास, त्यामुळे भरेना. ताप चढला तेव्हा कुठे दंतवैद्याला घरी बोलावलं. त्याने कवळी काढली तेव्हा आई किंचाळली. तो म्हणाला, हिरडी झिजलीय, हाडही बसलंय, आता कवळी बसायची नाही. कायमचं असंच राहील.

तो थोरलीकडे वळून म्हणाला, "तुम्ही तर याच धंद्यातल्या. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"माझ्या हातात देत नव्हती," थोरली म्हणाली. ते खरंही होतं.

तेव्हापासून घर शांत आहे. आई बोलते, पण नुसतं फसफस, आणि त्या फसफशीतला शब्द न्‌ शब्द फक्त थोरलीला कळतो. पाय चेपायला ती बसते. पूर्वी त्या दोन दिवसांत बसायची तसं ते होत नाही. आई पाय आखडून घेते आणि भिंतीकडे तोंड करते.

रविवारी धाकटा येतो. पलंगाशी वाकून विचारतो, "बरं आहे ना, आई?" आई त्याचा हात धरते आणि खूप काही सांगते. डोळ्यांत पाणी आणून, मध्येच थोरलीकडे बोट दाखवून सांगते. धाकटा वर बघतो.

"थंडी वाजतेय म्हणते," थोरली सांगते. "आणि म्हणते, उशीर होईल, तू नीघ आता."

आई तिच्याकडे बघते. धाकटा आईच्या अंगावर पांघरूण घालतो, गळ्यापर्यंत ओढतो, आणि निघतो.